सोळा जणांवर 'टेस्ट' झालेली पुरुषांची गोळी: त्यात नक्की काय तपासलं, आणि तुम्ही आत्ता काय करायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाच दिसेल. वय ३४, नाशिकजवळ राहता, चार वर्षांची मुलगी. वहिनींना अर्धशिशी, त्यात डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेषा येतात म्हणून डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. तांबी बसवली तर पाळीत एवढं जायला लागलं की आठ महिन्यांत काढली. सध्या निरोधावर चाललंय, मध्ये एकदा फाटला आणि पुढचे पंधरा दिवस दोघांची झोप उडाली. त्यात बातमी वाचली की पुरुषांसाठी हॉर्मोन नसलेली गोळी येतीये, सोळा जणांवर टेस्ट केली आणि सेफ निघाली. तर तुम्ही विचारताय की सोळा माणसांवरून असं काय कळतं, ते सगळे आधीच नसबंदी झालेले होते म्हणजे ही धूळफेक नाही का, आणि भारतात ट्रायलला नाव कुठं नोंदवायचं.

मी क्लिनिकल फार्माकॉलॉजीवाला. बारा-तेरा वर्षं फेज वन (औषधाची माणसातली पहिली तपासणी) आणि बायोइक्विव्हलन्सच्या (दोन कंपन्यांचं तेच औषध रक्तात सारखंच चढतं का ते बघणं) युनिटमध्ये घालवली, म्हणजे जिथं धडधाकट माणसं औषध घेऊन दोन दोन दिवस पलंगावर बसतात आणि आम्ही दर तासाला त्यांचं रक्त काढतो ती जागा. आता पुण्यात एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायलला परवानगी द्यायची की नाही ते ठरवणाऱ्या समितीवर आहे. या गोळीच्या ट्रायलशी माझा काडीचाही संबंध नाही, पण अशा ट्रायलचे कागद वाचणं हेच रोजचं काम असल्यामुळे सांगू शकतो. आणि आधीच सांगतो, तुम्ही दोन प्रश्न एकत्र केलेत. एक, ही गोळी कशी तपासतात. दोन, आपल्या घरी येत्या महिन्यात काय करायचं. पहिल्याचं उत्तर मोठं आणि मजेशीर आहे पण दुसऱ्याला त्याचा आज तरी काही उपयोग नाही, त्यामुळे दुसरं शेवटी घेतो.

गोळीचं नाव वायसीटी-५२९. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात गुंडा जॉर्ज यांच्या लॅबमध्ये बनली, कोलंबिया विद्यापीठाच्या डेब्रा वोल्गेमुथ यांचं कामही त्यामागे आहे, आणि पुढे न्यायचं काम युअरचॉइस थेरप्युटिक्स ही कंपनी करते. तुम्ही वाचलेली बातमी जुलै २०२५ मध्ये छापून आलेल्या पहिल्या मानवी चाचणीची. ती इंग्लंडमध्ये झाली, ३२ ते ५९ वयाचे सोळा पुरुष, १० मिलिग्रॅमपासून चढत चढत १८० मिलिग्रॅमपर्यंत डोस, आणि काहींना प्लासिबो म्हणजे औषध नसलेली दिसायला तशीच गोळी.

आता ती काम कशी करते. हे कळल्याशिवाय टेस्टिंगमधलं काहीच डोक्यात शिरणार नाही, म्हणून जरा धीर धरा. तुमच्या भागातलंच उदाहरण घेऊ, साखर कारखाना. ऊस गव्हाणीत पडतो, रस निघतो, पाक होतो, साखर होते, पोती भरून गोदामात जातात. अंडकोशात शुक्राणू असेच टप्प्याटप्प्यानं तयार होतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण अडीच महिने, आणि त्यानंतर काही दिवस एपिडिडिमिस नावाच्या लांबलचक नळीत, म्हणजे आपल्या गोदामात. हॉर्मोनवाल्या पद्धती काय करतात, तर थेट हेड ऑफिसलाच गप्प बसवतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीला वाटतं इथं माल भरपूर आहे, ती आपले एफएसएच आणि एलएच हे आदेश पाठवणं थांबवते, कारखाना बंद. चालतं, पण हेड ऑफिस बंद झालं की पगार, कँटीन, सगळंच बोंबलतं. मूड, मुरुमं, वजन, इच्छा, सगळीकडे थोडाथोडा परिणाम.

वायसीटी-५२९ हेड ऑफिसला हात लावत नाही. प्रत्येक टप्प्यावर पेशीला पुढे सरकायचा इशारा मिळावा लागतो, आणि तो देतं अ जीवनसत्त्वापासून तयार होणारं रेटिनोइक ॲसिड. उसाला तोड मिळायची तर चिटबॉयची चिठ्ठी लागते ना, तसंच. ही चिठ्ठी जिथं स्वीकारली जाते ती खिडकी म्हणजे पेशीतला रिसेप्टर, आरएआर अल्फा त्याचं नाव. गोळी जाऊन त्या खिडकीतच बसते. चिठ्ठ्या येतायत, ऊस उभा आहे, ऑफिस चालू आहे, पण खिडकीच बंद.

अ जीवनसत्त्वाचा आणि पुरुषाच्या वंध्यत्वाचा संबंध नवा नाही, प्राण्यांमध्ये तो शंभर वर्षांपासून माहीत आहे. लगेच कोणीतरी विचारतं की मग गाजर आणि शेवग्याचा पाला सोडला तर? सोडा, काही होणार नाही, लिव्हरमध्ये महिनोन्‌महिने पुरेल इतका साठा असतो आणि तो संपेपर्यंत आधी रातांधळेपणा येईल. या खिडक्या तीन प्रकारच्या आहेत, अल्फा, बीटा, गॅमा. गॅमाचं काम कातडीत वगैरे असतं. तिन्ही एकदम बंद करणारी औषधं आधी होती, त्यात भीती अशी की शरीरात भलतीकडेच काहीतरी बिघडायचं. फक्त अल्फा बंद करणारा रेणू बनवणं हीच खरी कारागिरी. अल्फाच नसलेले जे नर उंदीर जगून मोठे होतात ते वांझ असतात पण बाकी बरेचसे धड असतात, हे १९९० च्या दशकातच दिसलं होतं, कल्पना तिथूनच आली.

(एक तिरकस शेरा, धंद्यातला म्हणून सहन करा. 'बिनहॉर्मोन' या शब्दावर फार भाळू नका. हा रिसेप्टर हॉर्मोनच्या रिसेप्टरांच्याच खानदानातला आहे. बिनहॉर्मोन म्हणजे टेस्टोस्टेरॉनची साखळी हलवत नाही, एवढंच. त्याचा अर्थ साइड इफेक्ट नाहीत असा होत नाही.)

आता तुमचा पहिला प्रश्न, सोळाच का. कारण त्या टप्प्यात 'गर्भ राहतो का' हा प्रश्नच विचारलेला नव्हता. पहिल्यांदा माणसाच्या पोटात नवा रेणू जातो तेव्हा प्रश्न एवढाच असतो, माणूस ठीक राहतो का, आणि रक्तात औषध किती चढतं, किती वेळ टिकतं. आणि इथं मुद्दाम कमी माणसं घेतात, ज्यादा घेतली तर तो गुन्हा आहे असं मी म्हणेन. लंडनमध्ये २००६ मध्ये एका वेगळ्याच औषधाच्या पहिल्या चाचणीत आठ तरुणांपैकी सहांना खरं औषध थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतरानं टोचलं, आणि सहाच्या सहा जणांचे अवयव निकामी व्हायला लागून ते आयसीयूत गेले. प्राण्यांमध्ये सगळं छान होतं. त्यानंतर आमच्या धंद्यात नियम घट्ट झाला की आधी एकाला द्या, बघा, मग पुढच्याला. डोसची पायरी चढतानाही थांबा, आकडे बघा, मग चढा.

पण सोळांवरून 'सेफ' म्हणता येतं का? नाही, आणि हे हिशोबानंच दाखवतो. आमच्याकडे तीनचा नियम म्हणून सोपी युक्ती आहे. एखादा वाईट परिणाम 'न' माणसांत एकालाही दिसला नाही, तरी खरा धोका ३ भागिले 'न' इतका असू शकतो. सोळा म्हणजे ३ भागिले १६, जवळजवळ पाचात एक! म्हणजे सोळांत शून्य दिसलं यावरून एवढंच म्हणता येतं की हा त्रास दर दुसऱ्या-तिसऱ्या माणसाला होणारा नाही. तीनशे जण घेतले तर शंभरात एकपर्यंतचं बोलता येतं. दहा हजारांत एकाचं लिव्हर बिघडवणारं औषध पकडायला तीस हजार माणसं लागतात, आणि तेवढी बहुतेक ट्रायलमध्ये नसतात, ते बहुधा बाजारात आल्यावरच कळतं. बातमीवाले 'सेफ' लिहितात तेव्हा त्यांनी 'अजून तरी घाबरण्यासारखं दिसलं नाही' असं लिहायला हवं, पण त्याची हेडलाइन होत नाही.

त्या सोळांवर केलेलं काम मात्र मला आवडलं. टेस्टोस्टेरॉन, एफएसएच, एलएच हलले का ते बघितलं, हृदयाची लय, लिव्हर, किडनी, सूज, शिवाय मूड आणि लैंगिक इच्छा. चिंता करण्यासारखं काही निघालं नाही. आणि एक डोस रिकाम्या पोटी व भरपेट नाश्त्यानंतर असा दोन्ही प्रकारे दिला. हा भरपेट नाश्ता काय प्रकार असतो ते आमच्या युनिटमध्ये येऊन बघायला हवं. आठशे ते हजार कॅलरी, त्यातल्या निम्म्या तुपा-लोण्याच्या, आणि तो अर्ध्या तासात संपवायचा. सकाळी सात वाजता तळलेलं पनीर, लोण्यात भाजलेला ब्रेड, वर फुल क्रीम दुधाचा ग्लास, आणि समोर हातात घड्याळ घेऊन आमची सिस्टर, "दादा, तो शेवटचा तुकडा राहिला." एक पैलवान गडी होता, पहिल्या दिवशी फार खूश, दुसऱ्या खेपेला तो नाश्ता बघूनच त्याला मळमळलं. हे सगळं का, तर काही औषधं चरबीबरोबर दुपटीनं शोषली जातात, आणि उद्या कोणी मिसळ हाणून गोळी घेतली तर रक्तात किती चढेल हे आजच माहीत पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा माझ्या मते वेगळाच आहे आणि बातमीत तो शेवटच्या ओळीत असतो. हाफ लाइफ, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, ५१ ते ७६ तास निघाला. साधारण दोन-तीन दिवस. रोज एक गोळी घेतली तर आधीचं संपायच्या आत नवं येत राहतं, साठत साठत दहा ते सोळा दिवसांत पातळी स्थिर होते. याचा फायदा उघड आहे, पुरुष एखादी गोळी विसरणार, विसरणारच, तर एका दिवसानं आभाळ कोसळत नाही. तोटा कोणी सांगत नाही: उद्या एखाद्याला काही त्रास झाला आणि गोळी थांबवली तरी औषध बाहेर पडायला तेवढेच दोन आठवडे. म्हणून एका डोसवरून खूश होऊन चालत नाही, साठलेल्या पातळीवर माणूस कसा राहतो ते बघावं लागतं.

आता नसबंदी झालेलेच का. धूळफेक वाटते खरी, पण उलट आहे. विचार करा, गोळीचा हेतूच शुक्राणू बंद करणं. ते परत सुरू होतात का हे उंदरांत आणि माकडांत बघितलंय, गोळी थांबवल्यावर उंदीर सहा आठवड्यांत पूर्ववत, माकडांचे शुक्राणू दहा ते पंधरा आठवड्यांत. माणसात माहीत नाही. मग पहिला डोस कोणाला द्याल? पंचवीस वर्षांच्या, लग्न व्हायच्या मुलाला, की ज्यानं स्वतःहून तो विषय संपवलाय त्याला? मी त्या ट्रायलच्या कमिटीवर असतो तर हेच मागितलं असतं. अर्थात त्यामुळे शुक्राणू मोजायचा प्रश्नच उरत नाही, कारण त्यांच्या वीर्यात ते मुळातच नसतात. म्हणजे गोळी 'काम करते' याचा त्या सोळांमधून शून्य पुरावा आहे, आणि करणाऱ्यांनी तसा दावाही केलेला नाही. गोळी ९९ टक्के गर्भ रोखते असा जो आकडा फिरतोय तो उंदरांचा आहे.

पुढचा टप्पा न्यूझीलंडमध्ये सप्टेंबर २०२४ पासून चालू झाला, तिथे नसबंदी न झालेले पुरुष, २८ दिवस आणि ९० दिवस गोळी, आणि तिथं शुक्राणू मोजायचे. ९० दिवस का ते आता तुम्हीच सांगाल. गव्हाण बंद केली तरी गोदामातली पोती संपेपर्यंत साखर बाहेर जातच राहणार.

मोजणं वाटतं तितकं सरळ नाही, यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका अगदी वेगळ्या औषधाच्या अभ्यासात, ज्याचा शुक्राणूंवर परिणाम होतो का एवढंच बघायचं होतं, एका माणसाचा काउंट साठ मिलियनवरून एकदम सातवर आला. आम्ही घाबरलो, स्पॉन्सरला ईमेल, कमिटीला पत्र, डोस थांबवला. मग आमच्या फिल्डवाल्या पोरानं त्याच्याशी चहा पिता पिता गप्पा मारल्या तेव्हा कळलं की दीड महिन्यापूर्वी त्याला डेंग्यू होऊन १०३ ताप होता, फॉर्मवर त्यानं तो लिहिलाच नव्हता कारण फॉर्ममध्ये 'मागच्या ३० दिवसांत आजार' असं विचारलं होतं. तापाचा फटका शुक्राणूंना दीड-दोन महिन्यांनी दिसतो. चूक त्याची नाही, फॉर्म छापणाऱ्यांची म्हणजे आमची. तेव्हापासून असल्या अभ्यासात मी 'मागच्या ९० दिवसांत' असंच छापायला लावतो, आणि सुरुवातीला एक नाही तर दोन-तीन सॅम्पल घ्यायला लावतो, कारण एकाच माणसाचा काउंट एका आठवड्यात दुप्पट आणि पुढच्यात निम्मा असा सहज होतो. किती दिवसांच्या गॅपनं सॅम्पल दिलं, अर्ध्या तासात लॅबला पोचलं की दोन तासांनी, डबीत सगळं पडलं का थोडं सांडलं, आणि सांडलं तर माणूस लाजून सांगतो का, यावरही आकडा फिरतो.

आणि किती कमी झालं म्हणजे पास? नॉर्मलची खालची हद्द मिलिलिटरला १५-१६ मिलियन धरतात, पण १० मिलियनवालाही बाप होतोच. हॉर्मोनवाल्या अभ्यासांत एक मिलियनच्या खाली हा निकष वापरला, म्हणजे पूर्ण शून्य नाही पण गर्भ राहायची शक्यता फार कमी. शून्यच मागितलं तर बऱ्याच पद्धती नापास होतील.

खरी परीक्षा त्याच्याही पुढे आहे आणि तिथंच हे सगळं स्त्रियांच्या गोळीपेक्षा वेगळं होतं. औषध घेणार एक, आणि फसलं तर दिवस जाणार दुसऱ्याच माणसाला. शेवटच्या टप्प्यात शेकडो जोडप्यांनी वर्षभर फक्त या गोळीवर विसंबून राहायचं असतं, निरोध नाही काही नाही. मग ट्रायलमधली सहभागी कोण, तो का ती? बायोइक्विव्हलन्सच्या दिवसांत हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. कमिटीवर आल्यावर पहिल्या वर्षी एक प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा आराखडा, आला होता, औषध पुरुषांना, आणि अभ्यास चालू असताना बायकोला दिवस गेले तर काय ते दोन ओळींत. आमच्या कमिटीत बिगरवैद्यकीय सदस्य म्हणून एक निवृत्त शाळामास्तरीणबाई होत्या, त्यांनी चष्मा काढून विचारलं, "हे सगळं ठीक आहे डॉक्टर, पण तिची सही कुठाय?" मीटिंगमध्ये पाच डॉक्टर बसलेलो, एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता मी तो फॉर्म पहिला उघडतो. बायकोची वेगळी संमती, तिला दिवस गेले तर तिच्या आणि बाळाच्या तब्येतीची माहिती गोळा करायची आणखी वेगळी संमती, आणि तिनं नाही म्हटलं तर नाही. नवऱ्यानं दोघांच्या वतीनं मान डोलावली, हे चालत नाही.

या गोळीत हा मुद्दा आणखी टोकाचा आहे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन देतात ना, तीही अ जीवनसत्त्वाच्याच घराण्यातली, आणि गरोदरपणात घेतली तर बाळात गंभीर व्यंग येतं म्हणून तिच्यावर एवढ्या अटी आहेत. आपली गोळी उलट्या बाजूनं काम करते, चिठ्ठी देत नाही, खिडकी बंद करते, पण गर्भाची वाढ त्याच चिठ्ठ्यांवर चालते. त्यामुळे वीर्यातून किती औषध जातं, गोळी चालू असताना फसून दिवस राहिले तर काय, ही उत्तरं प्राण्यांत आणि माणसात दोन्हीकडे चोख लागतात. घाईचा विषय नाही.

घाई केली की काय होतं ते या क्षेत्राला चांगलं ठाऊक आहे. अमेरिकेत १९६० च्या आसपास डब्ल्यूआयएन १८,४४६ नावाचं औषध ओरेगॉनमधल्या तुरुंगातल्या कैद्यांना दिलं, शुक्राणू मस्त बंद, थांबवल्यावर परत चालू, सगळे खूश. आणि मग कळलं की वर दारू घेतली की उलट्या, घाम, धडधड, माणूस मरायला टेकल्यासारखा. कारण पुढे कित्येक दशकांनी उलगडलं. ज्या जातीचं एन्झाइम लिव्हरमध्ये दारूचा निचरा करतं त्याच जातीचं एन्झाइम अंडकोशात रेटिनोइक ॲसिड बनवतं. म्हणजे ते औषध चिठ्ठ्यांचा छापखानाच बंद करत होतं आणि त्याच फटक्यात दारूचा नाला तुंबत होता. वायसीटी-५२९ छापखाना सोडून खिडकीवर जाते ती त्यामुळेच मला हुशारीची वाटते. (कैद्यांवर असली ट्रायल आज कोणी माझ्या टेबलावर आणली तर मी ती दारातूनच परत पाठवीन, ते वेगळं.)

दुसरी गोष्ट विदर्भ-खानदेशवाल्यांना जवळची वाटेल. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. चीनमध्ये कच्चं सरकीचं तेल खाणाऱ्या गावांत पोरं होईनात यावरून १९७० च्या दशकात त्याच्या गोळ्या आठ हजारांहून जास्त पुरुषांना दिल्या. परिणाम झकास. पण काहींचं पोटॅशियम इतकं घसरलं की हातपाय लुळे पडले, आणि काहींचे शुक्राणू परत आलेच नाहीत. विषय संपला. (रिफाइंड सरकी तेलाला घाबरू नका, त्यातून ते काढून टाकतात.)

हॉर्मोनच्या इंजेक्शनचा किस्सा तुम्ही ऐकला असेल, ३२० जोडप्यांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०११ मध्ये मूडच्या त्रासामुळे थांबवला. त्यावर 'पुरुषांना एवढं पण सहन होत नाही' असे विनोद फार झाले. पण थांबवलं बाहेरच्या सेफ्टी कमिटीनं, भाग घेणाऱ्या तीन चतुर्थांशाहून जास्त पुरुषांनी तर ही पद्धत पुढेही वापरू असं सांगितलं होतं. तरीही विनोदात तथ्य एवढंच की बाईच्या गोळीचा धोका बाळंतपणाच्या धोक्याशी तोलतात, पुरुषाच्या गोळीचा धोका कशाशी तोलणार? त्याला स्वतःला तर काहीच होणार नसतं. म्हणून पट्टी फार वर बांधलेली असते. मला वाटतं दोघांचा मिळून हिशोब करायला हवा, आणि वहिनींसारखी केस बघितली की जास्तच वाटतं, पण नियम अजून तसे लिहिलेले नाहीत.

नाव नोंदवायचं म्हणालात. या गोळीची मला माहीत असलेली ट्रायल इंग्लंड आणि न्यूझीलंडची. भारतात कुठलीही खरी ट्रायल सीटीआरआय या सरकारी रजिस्ट्रीत आधी नोंदवावी लागते, ती वेबसाइट कोणालाही फुकट बघता येते, तिथं नाही तर ट्रायल नाही. व्हॉट्सॲपवर 'रजिस्ट्रेशन फी' मागणारा कोणी भेटला तर सरळ ब्लॉक करा, ट्रायलमध्ये माणसाकडून पैसे घेत नाहीत. आणि ऑनलाइन असल्या नावाची पावडर विकणारे निघतीलच, हात लावू नका.

आपल्याकडचं म्हणाल तर रायसग आहे, आयआयटी खरगपूरच्या सुजॉय गुहांचं, शुक्रवाहिनीत टोचायचं पॉलिमरचं इंजेक्शन. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं ३०३ विवाहित पुरुषांवर तिसरा टप्पा केला, निकाल २०२३ मध्ये छापून आला, ९९ टक्क्यांच्या आसपास यश. पण ते गोळी नाही, आणि तुमच्या डॉक्टरकडे आज मिळत नाही. शंभर वर्षांपूर्वी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. तेव्हापासून बाईच्या बाजूला गोळ्या, तांबी, इंजेक्शन, इम्प्लांट काय काय आलं, पुरुषाच्या बाजूला तेच दोन, निरोध आणि नसबंदी. त्यातही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात साठ लाखांहून जास्त पुरुषांची नसबंदी झाली, त्यात कितीतरी जणांना धरधरून केलं, त्याची भीती अजून घराघरात आहे, सासरे लोक अजून 'ताकद जाते' म्हणतात. जात नाही. टेस्टोस्टेरॉन रक्तातून जातं, त्या नळीतून नाही.

म्हणजे तुमच्यापुढे आज काय आहे. दुसरं मूल हवंय का, हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि सगळं त्यावरच ठरतं. नक्की नको असेल तर बिनटाक्याची पुरुष नसबंदी, वीस मिनिटांचं काम, दोन-तीन दिवस आराम. फक्त दोन गोष्टी. ती परत जोडता येते असं गृहीत धरून करू नका, आणि केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोकळे असं नाही, तीच गोदामाची गोष्ट, तीन महिने निरोध आणि मग सॅम्पल देऊन शून्य असल्याचा कागद हातात. तो कागद घ्यायला अर्धे लोक येत नाहीत आणि मग आमच्या नावानं ओरडतात.

हवं असेल किंवा ठरत नसेल तर वहिनींच्या स्त्रीरोग डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. त्या चमकत्या रेषांच्या अर्धशिशीत इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या नकोत हे बरोबरच, पक्षाघाताचा धोका वाढतो. पण इस्ट्रोजेन नसलेले पर्यायही असतात, त्यातला एखादा हार्मोनवाल्या तांबीसारखा प्रकार पाळीतलं जाणं उलट कमी करतो. आणि सरकारी दवाखान्यात 'छाया' म्हणून मिळते ती गोळी, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेनं शोधलेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. तिलाही बिनहॉर्मोनची म्हणतात. त्यांना चालेल का हे त्यांना तपासणारा डॉक्टरच सांगेल, मी इथून नाही सांगू शकत. तातडीची गोळी चालते का तेही आत्ताच विचारून ठेवा, रात्री साडेअकराला मेडिकलच्या दारात उभं राहून नको.

आणि निरोधाबद्दल. वर्षभर 'जसा लोक प्रत्यक्षात वापरतात तसा' वापरला तर शंभरातल्या तेराएक जोडप्यांना दिवस जातात, नीट वापरला तर दोनेक. हा मधला फरक सगळा सवयींचा आहे. तुमचा फाटला म्हणालात म्हणून विचारतो, लाजू नका, खोबरेल तेल लावलं होतं का? किंवा व्हॅसलीन, बेबी ऑइल? तेलानं लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं, आणि आपल्याकडे बेडजवळ खोबरेलची बाटली नसलेलं घर नाही. लागलंच तर पाण्यावर आधारलेलं जेल मेडिकलमध्ये मिळतं ते घ्या, आणि पाकीट बाइकच्या डिकीत किंवा पँटच्या मागच्या खिशात ठेवत असाल तर आज काढून कपाटात ठेवा.